कागद एक, वाटा अनेक

जुन्या घरांत एखादें तरी असें कपाट असे, कीं त्याची किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाच्या जानव्याला बांधलेली असावयाची. त्या कपाटांत लाल रुमालांत गुंडाळलेलीं खतें, कर्जफेडीच्या पावत्या, मुंजी-लग्नांच्या खर्चाच्या याद्या आणि सर्वांच्या जन्मपत्रिका नांदत असत. कागद पाहिजे असला म्हणजे आजोबांस विचारावें, त्यांनीं किल्ली काढावी, रुमाल सोडावा, आणि काम झालें कीं तो कागद पुन्हां त्याच घडीवर घालून ठेवावा, असा परिपाठ होता. कागद एकच असल्यामुळें त्यांतला खरा कोणता हा प्रश्न कोणास पडत नसे. पडे तो एवढाच कीं, तो आहे कोठें.

आतां आजोबा नाहींत. कपाट आहे, पण त्यांत गाद्या-उशा भरल्या आहेत. आणि घरच्या कागदांचीं चित्रें काढून तीं संगणकावर चढविलेलीं आहेत. आमचें कुटुंब एकत्र म्हणावयाचें खरें; परंतु थोरले बंधु सांगलीस, मी पुण्यास, धाकटे बंधु परदेशीं आणि काकू वाईच्या वाड्यांत, अशी पांगापांग झालेली आहे. तेव्हां सर्वांना आपापल्या ठिकाणाहून पाहतां यावें म्हणून आम्हीं गूगल ड्राइव्हवर एक सामाईक दप्तर थाटलें. त्यांत 'वाडा', 'कर', 'वकील', 'औषधपाणी' असे कप्पे केले. संगणकाची मंडळी ज्याला फोल्डर म्हणतात तोच हा कप्पा. किल्ली जानव्याला बांधण्याचें कारण उरलें नाहीं, आणि आम्हांस मोठी धन्यता वाटली. परंतु या नव्या कपाटाची शिस्त आम्ही शिकलों नव्हतों, हें लौकरच अनुभवास आलें. तो अनुभव, व त्यांतून आम्हीं काढलेली तोड, आमच्यासारख्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

काकूंच्या दोन खोल्या

गोष्ट आमच्याच घरची आहे, आणि तींतला दोषही सर्वस्वी आमचाच आहे; म्हणून ती उघड सांगावयास हरकत नाहीं.

वाईचा वाडा वडिलोपार्जित. चुलते जाऊन पुष्कळ वर्षें झालीं; त्यांना मूलबाळ नव्हतें. वाटणीचा विषय निघाला तेव्हां काकूंनीं आपण होऊन सांगितलें, "माझ्या पश्चात् तें सारें तुम्हांसच यावयाचें, तर माझा हिस्सा आतांच तुमच्या नांवें करून घ्या. मला माडीवरच्या दोन खोल्या आणि विहिरीचें पाणी जन्मभर पुरे." त्याप्रमाणें मसुदा झाला. पहिल्या मसुद्यांत त्यांच्या खोल्यांविषयीं कांहींच लिहिलेलें नव्हतें; त्या गोष्टी घरच्या घरीं समजुतीनें चालतील, असें मला व धाकट्या बंधूंना वाटत होतें. थोरल्या बंधूंना तें पटलें नाहीं. आज आपण तिघे आहों म्हणून समजूत आहे, उद्यां आपल्या मुलांच्या वेळीं ती राहीलच असें कोणीं सांगावें, असें त्यांचें म्हणणें पडलें; आणि त्यांनीं सातवें कलम घातलें. त्या दोन खोल्या तहहयात काकूंच्या ताब्यांत राहतील, आणि कोणाही भावास अगर त्याच्या वारसास त्या मोकळ्या करून मागतां येणार नाहींत, असा त्या कलमाचा आशय.

हा सुधारलेला मसुदा त्यांनीं 'सांगली' या आपल्या कप्प्यांत ठेवला. परंतु तोंपर्यंत पहिल्या मसुद्याच्या प्रती इतस्ततः गेल्या होत्या. मीं एक 'वाडा' या कप्प्यांत ठेवली होती, आणि वकिलांना शोधावें लागूं नये म्हणून दुसरी 'वकील' या कप्प्यांत. धाकट्या बंधूंनीं एक प्रत काढून घेऊन तींत क्षेत्रफळाचे आंकडे दुरुस्त केले होते, व तीच त्यांनीं 'कर' या कप्प्यांतही ठेवून दिली होती. पांच प्रती, आणि त्यांत तीन निरनिराळे मसुदे. नांव मात्र पांचांचेंही एकच!

वकिलांनीं साहजिकच 'वकील' या कप्प्यांतली प्रत उचलली व तीवरून दस्ताचा पक्का मजकूर तयार केला. नोंदणीच्या आदल्या सायंकाळीं आम्ही तिघे भाऊ वाईस जमलों. काकूंना अलीकडे बारीक अक्षर दिसत नाहीं. देवापुढें दिवा लावून त्या म्हणाल्या, "अरे, उद्यां सही करावयाची तर आज एकदां मला वाचून तरी दाखवा." मी वाचूं लागलों. सहावें कलम संपलें आणि पुढें एकदम साक्षीदारांचीं नांवें आलीं. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग काकूंनींच विचारलें, "आणि माझ्या खोल्या? त्या तुमच्या यंत्रांतच राहिल्या वाटतें?"

त्या हंसत हंसत बोलल्या. पण आम्हां तिघांच्या माना खालीं गेल्या. त्यांनीं वाचून घेण्याचा आग्रह धरला नसता, तर दुसऱ्या दिवशीं त्या आपला हिस्सा देऊन मोकळ्या झाल्या असत्या, आणि त्याच्या बदल्यांत त्यांच्या हातीं एक ओळही लागली नसती. कोणाच्या मनांत कपट नव्हतें. कपटावांचूनही एका विधवेच्या डोक्यावरचें छप्पर जाऊं शकतें, आणि त्यास निमित्त जागच्या जागीं सोय म्हणून काढलेली एक जादा प्रत पुरते, हें त्या संध्याकाळीं आम्हांस कळलें.

प्रत आणि चिठी

थोरल्या बंधूंची कन्या पुण्यास संगणकाच्याच व्यवसायांत आहे. ती त्या रात्रीं सारें दप्तर उलगडून बसली. पांचही प्रती एकापुढें एक मांडून तिनें मला विचारलें, "काका, तुम्हीं ही दुसरी प्रत काढलीत ती कशासाठीं?"

"कागद दोन ठिकाणीं लागत होता म्हणून," मीं उत्तर दिलें.

"म्हणजे तुम्हांला कागद दोन नको होते; एकाच कागदाकडे जावयाच्या वाटा दोन हव्या होत्या."

या एका वाक्यांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. एक कागद अनेक प्रकरणांत लागतो, ही अडचण संगणकानें आणलेली नाहीं. ती दप्तराइतकीच जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचेंच उदाहरण घ्या. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. तेथील एखादें पत्र लढाईचा अभ्यासक, एखाद्या घराण्याचा चरित्रकार आणि गांवच्या वतनाचा शोधक अशा तिघांना हवें असूं शकतें. परंतु पत्र एका वेळीं एकाच रुमालांत राहणार. त्याचे तीन तुकडे करतां येत नाहींत. आणि तीन नकला केल्या तर नकलनविसाच्या तीन चुका वाढतात.

ग्रंथालयांनीं या अडचणीवर फार सुंदर तोड काढली. ज्यांनीं ग्रंथालयांतील कार्डांच्या लांबट पेट्या चाळल्या आहेत, त्यांना ती आठवेल. 'गोविंदाग्रज' या नांवानें शोध केला, तर त्या कार्डावर पुस्तकांची यादी नसून 'पाहा : गडकरी, राम गणेश' एवढाच निर्देश असे. 'बालकवि' पाहिलें तर 'पाहा : ठोंबरे, त्र्यंबक बापूजी'. पुस्तक एकाच फळीवर. परंतु वाचक कोणत्याही नांवानें आला तरी तो त्याच फळीपाशीं पोंचे. उद्यां यादींत एक पुस्तक वाढलें, तर तें गडकऱ्यांच्या नांवाखालींच नोंदावें लागे. 'गोविंदाग्रज' या कार्डास हात लावण्याचें कारण नसे.

संगणकांतील शॉर्टकट म्हणजे हेंच 'पाहा' कार्ड होय. आमच्या घरीं त्यास आतां 'चिठी' असेंच म्हणतात, आणि या लेखांतही मी तोच शब्द वापरीन.

ही कल्पना संगणकशास्त्रांत बरीच जुनी आहे. डेली व न्यूमन या दोघांनीं १९६५ सालीं मल्टिक्स नांवाच्या संगणक-व्यवस्थेच्या दप्तररचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत कप्प्यांच्या आंत कप्पे आणि एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांतील कागदाकडे नेणारे दुवे, या दोन्ही गोष्टी आलेल्या आहेत. पुढें १९६९ पासून बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही व्यवस्था घडविली. तिच्यांतला दुवा जरा निराळ्या जातीचा आहे. आपल्याकडे एकाच स्त्रीला माहेरचें एक व सासरचें एक अशीं दोन नांवें असत. दोन्ही नांवें सारखींच खरीं, आणि व्यक्ति एकच. युनिक्समधील हा दुवा तसा आहे. त्या कागदाला एकंदर नांवें किती, याचा आंकडा यंत्र स्वतः ठेवतें. एक नांव पुसलें तरी कागद राहतो, आणि शेवटचें नांव पुसल्यावरच त्याची जागा मोकळी होण्याचा प्रश्न येतो.

दुसरी जात पत्त्याच्या चिठीची. 'अमुक गांवीं, अमुक आळींत, अमुक वाड्यांत जावें,' एवढेंच तिच्यांत लिहिलेलें असतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंतून १९८३ सालीं बाहेर पडलेल्या युनिक्सच्या आवृत्तींत हा प्रकार होता. १९९१ सालीं मॅकिंटॉश यंत्रांवर 'एलियस' या नांवानें, आणि १९९५ सालीं विंडोज ९५ मध्यें 'शॉर्टकट' या नांवानें अशी चिठी सामान्य माणसाच्या हातीं आली. चित्राच्या कोपऱ्यांत वांकडा बाण दिसला, कीं ती वस्तु नसून वस्तूकडे नेणारी चिठी आहे, असें समजावें. पत्त्याच्या चिठींत एक उणेपणा असतो. यजमानानें बिऱ्हाड बदललें, कीं पाहुणा जुन्या दाराशीं ताटकळत उभा राहण्याचा संभव असतो.

तिसरी जात म्हणजे पत्ता न लिहितां त्या माणसाची ओळखच लिहून ठेवणें. गूगल ड्राइव्हमध्यें प्रत्येक कागदाला एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. कागदाचें नांव बदला, त्याला एका कप्प्यांतून दुसऱ्यांत हलवा, तरी हा क्रमांक बदलत नाहीं. आणि चिठी त्या क्रमांकावरच बांधलेली असते. गांवच्या जुन्या पोस्टमनला माणूस ओळखीचा असल्यावर त्यानें बिऱ्हाड कोठेंही केलें तरी पत्र पोंचतें, त्यांतलाच हा प्रकार. पूर्वीं या व्यवस्थेंत एकच कागद एकाच वेळीं अनेक कप्प्यांत ठेवतां येत असे. ३० सप्टेंबर २०२० पासून ती मुभा बंद झाली. आतां प्रत्येक कागदाला जागा एकच, आणि इतर ठिकाणीं हवा असल्यास चिठी. मोठ्या कचेऱ्यांसाठीं असलेल्या अल्फ्रेस्को या दस्तऐवज-व्यवस्थेंतही हेंच तत्त्व आहे. तेथें चिठी ही एक स्वतंत्र लहानशी नोंद असून तिच्या 'डेस्टिनेशन' या रकान्यांत मूळ दस्तऐवजाची ओळख भरलेली असते.

यंत्राकडून चिठ्या लिहवून घेणें

दहा-पांच चिठ्या हातानें करावयास कांहींच श्रम नाहींत. कागदावर उजवी कळ दाबावी, शॉर्टकट करण्याची आज्ञा निवडावी, कप्पा दाखवावा, झालें. पण आमच्या दप्तरांत दीडशेंच्या आसपास कागद निघाले, आणि प्रत्येकाला दोन-तीन ठिकाणीं चिठी पाहिजे होती. इतक्या चिठ्या हातानें करूं म्हटलें, तर निम्म्यांत कंटाळा येतो व उरलेल्या निम्म्यांत चुका होतात. शिवाय, जें काम नियमानें सांगतां येतें तें यंत्राकडून करवावें, आणि ज्यांत विचार लागतो तें आपण करावें, हा पुतणीचा आग्रह. तेव्हां तिनें कामाचे दोन भाग पाडले.

विचाराचा भाग आमच्याकडे आला. तिनें आम्हांपुढें एक तक्ता ठेवला. पहिल्या रकान्यांत मूळ कागदाचा ओळख-क्रमांक, दुसऱ्यांत ज्या कप्प्यांत चिठी हवी त्याचा क्रमांक, आणि तिसऱ्यांत चिठीला द्यावयाचें नांव. दिसावयास हें काम कारकुनी. पण पहिला रकाना भरतांना आमची खरी परीक्षा झाली. पांच प्रतींतली मूळ कोणती, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें तिघां भावांनीं बसून, ओळ न् ओळ ताडून ठरवावें लागलें. धाकट्या बंधूंचे क्षेत्रफळाचे आंकडे बरोबर होते, आणि थोरल्यांचें सातवें कलम बरोबर होतें. तेव्हां दोन्ही एकत्र करून एक मूळ सिद्ध झालें, आणि तें 'मूळ कागद' या नव्या कप्प्यांत गेलें. याप्रमाणें प्रत्येक कागदाचा निवाडा करावयास आम्हांस चार रविवार लागले.

यंत्राचा भाग मात्र पुतणीनें एका दुपारींत लिहून काढला. गूगलचीच अॅप्स स्क्रिप्ट नांवाची आज्ञालेखनाची सोय आहे. तिच्यांत 'क्रिएट-शॉर्टकट' या नांवाची आज्ञा तयारच असते. कप्प्याला उद्देशून ही आज्ञा द्यावयाची व कंसांत मूळ कागदाचा क्रमांक घालावयाचा. म्हणजे त्या कप्प्यांत चिठी उत्पन्न होते. मग तिला तिसऱ्या रकान्यांतलें नांव द्यावयाचें. तक्त्याची एक ओळ घ्या, हें करा, पुढच्या ओळीस जा, एवढाच तो कार्यक्रम. ज्यांचे कागद घरच्याच विंडोज यंत्रावर आहेत, त्यांनाही असें करतां येतें. तेथें 'डब्ल्यू-स्क्रिप्ट डॉट शेल' नांवाच्या साधनाला चिठीचें ठिकाण सांगावयाचें, 'टार्गेट-पाथ' या जागीं मूळ कागदाचा पत्ता भरावयाचा, आणि 'सेव्ह' म्हणावयाचें. चार ओळींचें काम. भेद एवढाच कीं, तेथें पत्ता द्यावा लागतो आणि येथें ओळख.

आमच्या तीन चुका

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं आमचें दप्तर दुसऱ्या दिवसापासून आदर्श झालें. तसें झालें नाहीं. आम्हीं तीन चुका केल्या. त्या सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील.

पहिली चूक कार्यक्रमाची. अॅप्स स्क्रिप्टमध्यें एका खेपेस सहा मिनिटांहून अधिक वेळ काम चालूं दिलें जात नाहीं. आमचा तक्ता लांब. यंत्र मध्येंच थांबलें. आम्हीं तें पुन्हां सुरू केलें, तों त्यानें पहिल्या ओळीपासून आरंभ केला, आणि निम्म्या कप्प्यांत एकाच कागदाच्या दोन-दोन चिठ्या झाल्या! यंत्र आज्ञाधारक असतें, पण मागचें आठवून काम करीत नाहीं. आठवण आपणच पुरवावी लागते. मग पुतणीनें तक्त्याला चौथा रकाना जोडला. चिठी झाली कीं तिचा क्रमांक व तारीख त्यांत लिहावयाची; आणि ज्या ओळींत तो रकाना भरलेला असेल ती सोडून द्यावयाची. शिवाय, चिठी करण्यापूर्वीं त्या कप्प्यांतल्या चिठ्या तपासून त्याच मूळ कागदाची एखादी आधींच आहे कीं काय, हेंही पाहावयाचें. आतां तो कार्यक्रम दहा वेळां चालविला तरी चिठी एकच राहते. असा कोणताही कार्यक्रम लिहितांना ही खबरदारी पहिल्यापासूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट परवानगीची. 'वकील' हा कप्पा वकिलांना पाहावयास मोकळा होता. तेव्हां त्यांतली चिठी उघडली कीं मूळ कागद दिसेल, असें आम्हीं गृहीत धरलें. त्यांचा दूरध्वनि आला कीं, यंत्र परवानगी मागत आहे. चिठी दार दाखविते, दार उघडीत नाहीं. मूळ कागद पाहण्याचा अधिकार निराळा द्यावा लागतो. आरंभीं आम्हांस याचा त्रास वाटला. मग ध्यानांत आलें कीं, यांतच खरी सुरक्षितता आहे. औषधपाण्याच्या कागदाची चिठी चुकून भलत्या कप्प्यांत पडली, म्हणून घरची दुखणीं कोणा परक्यास वाचतां येत नाहींत. अर्थात् चिठीला आपण दिलेलें नांव त्यास दिसूं शकतें. म्हणून नांवांतच नको तें गुपित लिहूं नये.

तिसरा पराक्रम केवळ माझा. सर्व कप्पे चिठ्यांनीं भरलेले पाहून, 'मूळ कागद' हा कप्पा आतां कशास जागा अडवितो आहे, असा सुज्ञ विचार मला एके सकाळीं सुचला, आणि मीं तो कचरापेटींत टाकिला. अकरा दिवस कोणास कांहीं कळलें नाहीं. बाराव्या दिवशीं थोरल्या बंधूंनीं 'वाडा' कप्प्यांतली चिठी उघडली. पाहतात तों आंत कांहीं नाहीं. चिठ्या जेथल्या तेथें होत्या, त्यांचीं नांवें तशींच होतीं. फक्त त्या ज्याच्याकडे नेत होत्या तें जागेवर नव्हतें. ड्राइव्हच्या कचरापेटींत टाकलेली वस्तु तीस दिवस राहते, म्हणून पुतणीला सर्व परत आणतां आलें. महिना उलटला असता, तर आमच्या हातीं तीनशें चिठ्या राहिल्या असत्या आणि कागद एकही नाहीं!

या प्रसंगानें एक गोष्ट पक्की कळली. दहा चिठ्या म्हणजे दहा प्रती नव्हेत. चिठीनें गोंधळ टळतो, नाश टळत नाहीं. नाशापासून बचाव व्हावयास प्रतच पाहिजे; मात्र ती रोजच्या वापरांत न येणारी, निराळ्या जागीं ठेवलेली आणि नांवावर तारीख घातलेली असावी. आम्हीं आतां सर्व मूळ कागदांची अशी एक प्रत वर्षांतून एकदां काढून एका स्वतंत्र डिस्कवर घालतों, आणि ती डिस्क सांगलीस असते. तसेंच, सही-शिक्क्याचा अस्सल दस्त हा कागदावरचाच. यंत्रांत आहे तें त्याचें चित्र. अस्सल दस्त वाईस लोखंडी पेटींतच आहे.

मूळ कोणाच्या हातीं?

कागदांची व्यवस्था ही घरांत क्षुल्लक बाब समजली जाते. ज्याला थोडाफार संगणक येतो त्या मुलाकडे ती सोंपवावी, आणि त्यानें आपल्या मतीनें सारें लावावें, असाच बहुधा प्रकार असतो. परंतु दप्तर लावणें म्हणजे कोणता शब्द खरा धरावयाचा हें ठरविणें होय. आणि तें काम घरच्या वडील मंडळींनीं अंगावेगळें टाकतां कामा नये. चिठ्या कराव्या कशा, हें तरुणांनीं शिकवावें. चिठी कोणत्या कागदाकडे जावी, हें सर्वांनीं मिळून ठरवावें. पूर्वीं ही जबाबदारी जानव्याच्या किल्लीनें आपोआप एकाच्या अंगावर पडत असे. आतां ती आपण होऊन वांटून घ्यावी लागते, आणि तींत घरच्या स्त्रियांचाही वांटा असावा. आमच्या घरीं सातवें कलम नाहीं हें तिघां भावांपैकीं एकाच्याही लक्षांत आलें नाहीं. तें जिच्या डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतें त्या काकूंमुळें उघडकीस आलें.

त्या वेळीं नोंदणी आठ दिवस पुढें ढकलली. सातव्या कलमासह दस्त झाला, आणि काकू माडीवरच्या आपल्या खोल्यांतच आहेत. आम्हीं मात्र तेव्हांपासून एक नियम केला आहे. दसऱ्यास ग्रंथपूजन झालें, कीं पुतणी आपला दुसरा एक लहानसा कार्यक्रम चालविते. तो प्रत्येक चिठीच्या मागें जाऊन मूळ कागद जागेवर आहे कीं नाहीं तें पाहतो, आणि जी चिठी तुटलेली असेल तिच्यापुढें तक्त्यांत खूण करितो. गेल्या दसऱ्यास दोन खुणा निघाल्या. दोन्ही विम्याच्या जुन्या पावत्या होत्या, त्या चिठ्या काढून टाकिल्या. मग काकू म्हणाल्या, "आतां माझें कलम वाच." मीं 'वाडा' कप्प्यांतली चिठी उघडली, आणि पहिल्यापासून सातव्या कलमापर्यंत सारें त्यांना वाचून दाखविलें.